लक्षद्वीपचा गुन्हेदर: ‘देशात सर्वांत सुरक्षित’ की ‘देशात अव्वल’?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा घरगुती, थोडा आकडेमोडीचा आहे.

धाकटीला केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरी लागली. पहिली नेमणूक कवरत्तीला, लक्षद्वीप. पोरगी खूश, तिची आई काळजीत. आमच्या भावकीच्या ग्रुपवर बातमी टाकायचा अवकाश, लगेच दोन ढकलपत्रं येऊन पडली. पहिल्यात लिहिलंय, ‘लक्षद्वीपमध्ये खून शून्य, भारतातली सर्वांत सुरक्षित जागा.’ दुसऱ्यात, ‘राजद्रोहाच्या गुन्ह्यांच्या दरात लक्षद्वीप देशात पहिलं, आणि इतर गुन्ह्यांतही एका वर्षात दीडशे टक्के वाढ.’ दोन्हींच्या तळाला एनसीआरबीचंच (देशभरच्या गुन्ह्यांचे आकडे छापणारं केंद्राचं खातं) नाव.

मी बँकेतून निवृत्त झालोय, टक्केवारी मला कळते. पण एकाच सरकारी पुस्तकातून दोन टोकं कशी निघतात ते कळत नाही. २०२१ मध्ये तिथे ‘गुंडा कायदा’ (खटल्याविना डांबून ठेवायचा) आणायचा घाट घातला होता तेव्हाही ‘इथे गुन्हेच नाहीत तर कायदा कशाला’ असं वाचल्याचं आठवतं. या आकड्यांचं नेमकं करायचं काय? आणि खरं विचारायचं तर, पोरीला पाठवू ना?

बिनपगारी

काका, आधी लोकसंख्या बघा. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या लक्षद्वीपची ६४,४७३. आमच्या पिंपरी-चिंचवडच्या महापालिका निवडणुकीत एकेका प्रभागात साधारण तेवढी माणसं असतात. आमच्या प्रभागाचा गुन्हेदर कुणी देशाच्या यादीत लावत नाही, लावला तर कधी वर कधी खाली नुसता उड्या मारेल. पोरीला पाठवा, आणि आम्हाला बेटावर यायचं परमिट काढून द्यायला सांगा.

जुना क्राईम रायटर

कृष्णाकाठसाहेब, रामराम.

मी पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त. नोकरीतली बरीच वर्षं कोकणातल्या एका किनारी ठाण्यात क्राईम रायटर होतो. महिन्याची गुन्ह्यांची माहिती भरून वर पाठवायची, क्राईम मीटिंगच्या आदल्या रात्री साहेबांचे तक्ते जुळवायचे, हे माझं काम. एनसीआरबीच्या जाडजूड ग्रंथातला प्रत्येक आकडा शेवटी अशाच कुणा रायटरने भरलेला असतो, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

आधी तो राजद्रोह. जून २०२१ मध्ये कवरत्ती ठाण्यात भादंवि (भारतीय दंड विधान) १२४-अ खाली एक गुन्हा दाखल झाला. एकच. एका दिग्दर्शिकेने मल्याळम वाहिनीवरच्या चर्चेत प्रशासकांबद्दल जे उद्गार काढले त्यावरून. लोकसंख्या अंदाजे ६८ हजार धरा. एक भागिले ६८ हजार गुणिले लाख, म्हणजे लाखामागे जवळपास दीड. त्या वर्षी अख्ख्या देशात राजद्रोहाचे गुन्हे ७६. त्याचा दर इतका बारीक की एका दशांश स्थळापर्यंत छापला तर ०.० दिसतो. आता भागाकार करून बघा, लक्षद्वीप देशाच्या अडीचशे पटींच्या वर निघतं. भागाकारात चूक काहीच नाही. केरळ उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात अटकपूर्व जामीन दिला आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच थांबवून ठेवलं, हे मात्र ढकलपत्रात येत नाही.

जिथे लाख माणसंच नाहीत तिथे ‘लाखामागे’ हा हिशेब असाच फसवतो. बित्रा नावाचं बेट आहे, २०११ ला तिथली वस्ती २७१. तिथे वर्षात एक सायकल चोरीला गेली आणि कुणी रीतसर फिर्याद दिली, की बित्राचा दर लाखामागे ३६९. २०२२ ला भादंविच्या गुन्ह्यांचा देशाचा दर होता २५८. झालं बित्रा गुन्हेगारीचा अड्डा! दुसऱ्या वर्षी सायकल जागेवर राहिली की शंभर टक्के घट, साहेबांना प्रशस्तिपत्रक.

म्हणून पहिली गोष्ट, दर सोडा, मूळ मोजणी बघा. दीडशे टक्के वाढ म्हणजे दोनाचे पाच झाले असतील. आमच्या जिल्ह्याच्या सांख्यिकी कार्यालयातला एक मित्र मला साधी युक्ती सांगायचा. मोजणीचं वर्गमूळ काढायचं, त्याची दुप्पट करायची, तेवढा आकडा काही न घडताही वर-खाली होऊ शकतो असं धरायचं. शंभर गुन्हे असतील तर वीस इकडे, वीस तिकडे. नऊ असतील तर तीनापासून पंधरापर्यंत काहीही येऊ शकतं. नवाचे चौदा झाले म्हणून क्राईम मीटिंगला ठाणेदाराची हजेरी घेतात तेव्हा मी मागे उभा राहून मनात वर्गमूळच काढत असे.

आता ‘खून शून्य’. यालाही तोच न्याय लावा, गोड बातमी आहे म्हणून सोडू नका. देशाचा खुनाचा दर लाखामागे साधारण २.१ (२०२२ ला २८,५२२ खून). लक्षद्वीप अगदी बाकीच्या देशासारखंच असतं, तरी ६८ हजारांत वर्षाला दीडच्या आत खून अपेक्षित. आणि तशा ठिकाणीही दर चार वर्षांतलं एखादं वर्ष आपोआप कोरं जातं. म्हणजे एका वर्षाच्या शून्याने काहीच सिद्ध होत नाही. त्याच मित्राची दुसरी युक्ती, शून्य आलं तर तीनाला एकूण माणूस-वर्षांनी (लोकसंख्या गुणिले वर्षं) भागायचं. येईल तो आकडा म्हणजे खरा दर जास्तीत जास्त किती असू शकतो त्याची वरची हद्द. एक वर्ष कोरं असेल तर हद्द ४.४, म्हणजे देशाच्या दुपटीहून जास्त. सलग दोन वर्षं कोरी असली तर २.२, अजूनही देशाएवढीच. सलग पाच कोरी असली तर ०.९. तेव्हा कुठे छातीठोकपणे म्हणता येतं की हो, इथे खून खरंच कमी होतात. पाच वर्षांचे तक्ते काढा, स्वतः बेरीज करा. दोन्ही ढकलपत्रवाल्यांनी ते केलेलं नसणार.

खुनाचंच का बोलतोय, तर खून लपत नाही. प्रेत असतं, पोस्टमॉर्टेम असतं. बाकीच्या रकान्यांचं तसं नाही, आणि इथे माझी खरी बोलायची जागा आहे.

ठाण्यात माणूस आला, म्हणाला, एसटीत मोबाईल मारला. ठाणे अंमलदार विचारतो, ‘मारला की पडला?’ माणूस घुटमळतो. ‘नक्की बघितलंत का कुणी काढताना?’ नाही. ‘मग गहाळ लिहू या, दाखला लगेच मिळेल, सिमकार्डला चालतो.’ माणसाला सिमकार्डच हवं असतं. गहाळ रजिस्टरला नोंद होते, चोरीचा गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) पडत नाही. महिन्याच्या तक्त्यात चोरी शून्य. नंतर एखादे कडक साहेब येतात, म्हणतात गहाळ-बिहाळ काही नाही, सगळं दाखल करा. त्या तालुक्यात चोऱ्या ‘चौपट’. चोर तेच, एसटी तीच. दुसरं, भावकीत बांधावरून मारामारी होते आणि दोन्हीकडचे ठाण्यात येतात. परस्परविरोधी फिर्यादी, एक भांडण, दोन गु.र.नं. उलट बाजूने, घरात घुसून मारहाण करून जाताना दागिने नेले, तर एकाच एफआयआरमध्ये पाच कलमं असली तरी एनसीआरबी मोजताना त्यातला सर्वांत मोठा गुन्हाच धरते, बाकीचे तक्त्यात दिसत नाहीत. मोठ्या शहरात हे सगळं एकमेकांत मिसळून जातं. वर्षाला मोजके गुन्हे असलेल्या बेटावर एका ठाणे अंमलदाराची बदलीसुद्धा आलेखात दिसेल.

एनसीआरबी स्वतःच आपल्या प्रस्तावनेत बजावते की गुन्हे वाढणं आणि नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केरळ दरवर्षी वरच्या नंबरांत का असतं असं तुम्हाला वाटतं? तिथे माणसं जास्त वाईट आहेत म्हणून? तिथे फिर्याद घेतात.

कृष्णाकाठ

हवालदारसाहेब, दंडवत. बँकेतही एनपीए (थकलेली कर्जं) ‘कमी’ कसे होतात ते बघितलंय, त्यामुळे गहाळ रजिस्टर लगेच कळलं.

पण मग उलटी शंका येते. बेटावर सगळे एकमेकांना ओळखणार. तिथे फिर्याद घेतात की घरातच मिटवतात? शून्य म्हणजे शांतता की गप्प बसणं?

लगून

काका, मी समुद्रजीवशास्त्राच्या कामासाठी कवरत्ती आणि अगत्तीला राहून आलेय. पोलीस खातं वगैरे मला कळत नाही, डोळ्यांनी पाहिलं ते सांगते.

स्कूटरला किल्ली तशीच लावलेली असते. चोरून नेणार कुठे, रस्ता काही किलोमीटरमध्ये संपतो आणि गाडी कुणाची ते शेंबडं पोरही ओळखतं. बेटाबाहेर न्यायची तर कोचीच्या जहाजावर चढवावी लागेल. त्यामुळे वाहनचोरीचा रकाना कोरा असेल तर तो मला शंभर टक्के खरा वाटतो, पण त्याचं श्रेय भूगोलाला.

घरातल्या गोष्टींचं वेगळं आहे. मिनिकॉय सोडून बाकी बेटांवर जुनी रीत अशी की लग्नानंतर बाई आपल्या आईच्याच घरी, तरवाडात राहते, नवरा तिथे येतो-जातो. वारसाही आईकडून. आता बदलतंय, पण रीत पुष्कळ टिकून आहे. तर ‘सासरी छळ’ हा जो आपल्याकडे ४९८-अ चा नेहमीचा मामला, त्याला मुळात सासरच हवं ना? बाई स्वतःच्या आई-मावश्यांच्यात राहत असेल तर आवाज चढवण्याआधी जावयाला दहा वेळा विचार करावा लागतो. तो आकडा कमी दिसला तर मला नवल वाटणार नाही.

पण छेडछाड, बळजबरी, लहान मुलांवरचे अत्याचार, इथे मी शून्यावर विश्वास ठेवणार नाही. तिथेच नाही, कुठल्याच लहान गावात नाही. फिर्याद लिहून घेणारा शिपाई तुमच्या मामाचा वर्गमित्र असतो. आणि एक गोष्ट माझ्या तिथल्या मैत्रिणीने दाखवून दिली, मला आधी सुचलीच नव्हती. कायद्याने पीडितेचं नाव छापता येत नाही. पण एवढ्याशा जागी वर्षाच्या तक्त्यात त्या रकान्यात ‘१’ छापला की नाव छापल्यासारखंच आहे, सगळ्यांना कळतं तो कुणाचा. ठाण्याची पायरी चढताना बाईला हेही माहीत असतं. काही देशांतली सांख्यिकी खाती म्हणूनच अगदी लहान आकडे झाकून ठेवतात.

मंजिरी, सिडनी

नॉरफोक आयलंडचं उदाहरण इथल्यांना नेहमी आठवतं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, वस्ती दोन हजारांच्या आसपास. दीडशे वर्षांत खून नाही अशी ख्याती होती. २००२ मध्ये एका तरुणीचा खून झाला, २००४ मध्ये तिथल्या एका मंत्र्याला त्याच्या कार्यालयातच गोळी घालून मारलं. एकेका खुनाला लाखामागे पन्नासचा दर! त्या आकड्याने बेट एका वर्षात जगातल्या सर्वांत हिंसक शहरांच्या पंगतीला बसलं. २००२ च्या खुनात २००७ मध्ये दोषी ठरला तो बेटावर कामाला आलेला न्यूझीलंडचा माणूस होता, म्हणजे ‘बेटावरचे लोक कसे’ या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यात तसंही नव्हतं.

आणि पिटकेर्न तर त्याहून वाईट. चाळीस-पन्नास माणसांचं बेट, पोलिसांच्या तक्त्यात वर्षानुवर्षं काही नाही. तपास झाला तेव्हा अल्पवयीन मुलींवरच्या अत्याचारांची दशकं बाहेर आली आणि २००४ मध्ये तिथले सहा पुरुष दोषी ठरले. कृष्णाकाठकाका, तुमच्या ‘शांतता की गप्प बसणं’ला यापेक्षा थेट उत्तर माझ्याकडे नाही.

जुना क्राईम रायटर

मंजिरीताईंनी पिटकेर्न आणलं ते बरं झालं. लगूनताईंचं म्हणणंही मान्य. आमच्याकडे २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली तेव्हा हेच जवळून बघितलं. बांधाचे, वाटेचे, गटाराचे तंटे गावच्या समितीपुढे मिटायला लागले, खरोखर चांगलं काम झालं. पण गावाला पुरस्कार मिळणार असेल तर बाईचं प्रकरणही ‘मिटवा’ म्हणणारे निघतात. दाखल गुन्ह्यांचा आकडा दोन्हीने सारखाच खाली येतो. रायटरला वरून फक्त खाली आलेला आकडा दिसतो.

आता छेद, म्हणजे ज्याने भागायचं ती लोकसंख्या. आमच्या हद्दीत गणपतीला चाकरमानी उतरले की वस्ती दुप्पट. भांडणं, अपघात, घरफोड्या त्या दिवसांतल्याही मोजायच्या, भागायचं मात्र जनगणनेच्या आकड्याने. लक्षद्वीपचं उलटं असणार. मिनिकॉयचे पुरुष पिढ्यान्पिढ्या जहाजांवर खलाशी, तरुण पोरं शिकायला कोची-कोझिकोडला. ज्या वयाची पोरं सगळीकडे पोलिसांना धंदा देतात ती कागदावर बेटावर, प्रत्यक्षात बाहेर. दर कमी दिसायला हेही एक कारण. यावर कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, पण रायटर म्हणून माझी पहिली शंका तीच.

आणखी एक, हद्द. मे २०२२ मध्ये अगत्तीजवळच्या समुद्रात तटरक्षक दल आणि डीआरआयने (महसूल गुप्तचर खातं) दोन बोटींवरून २१८ किलो हेरॉईन पकडलं. बोटी तमिळनाडूच्या, माल आणि माणसं नेली कोचीला. ‘लक्षद्वीपमध्ये प्रचंड ड्रग्ज’ अशा बातम्या आल्या. यात बेटावरच्या माणसाचा संबंध काय, तर समुद्र शेजारचा. २०२१ चा तो प्रतिबंधक कायद्याचा मसुदा, ज्याला तुम्ही गुंडा कायदा म्हणता, त्याच्या बाजूने असाच माल पुढे केला जायचा आणि विरोधात गुन्ह्यांचे लहान आकडे. दोघेही बोटीचा हिशेब घराच्या वहीत लिहीत होते.

अटकेचा रकाना तर वेगळाच. २०२१ मध्येच किल्तान बेटावर जिल्हाधिकाऱ्यांचा पुतळा जाळला म्हणून दहा-बारा जणांना अटक झाली. प्रकरण एक, अटक डझनभर. चार हजार वस्तीच्या बेटावर अटकेचा ‘दर’ काढला तर काय दिसेल ते तुम्हीच बघा.

दारूबंदीचंही विसरू नका. बंगारम सोडलं तर बेटांवर दारूबंदी आहे. कोचीत दुकानातून रीतसर घेतलेली बाटली बेटावर उतरली की गुन्हा. आमच्याकडे याला भाग सहा म्हणायचे, जुगार, दारू वगैरे. भाग सहाचा आकडा हा गुन्ह्यांचा नसतोच, पोलिसांच्या फेऱ्यांचा असतो. धाडी घाला, वाढतो. बंदोबस्ताला माणसं गेली, घटतो.

बिनपगारी

काका, एक प्रश्न. आता भादंविच्या जागी भारतीय न्याय संहिता आलीय. मग जुने आणि नवे तक्ते जुळायचे कसे?

कृष्णाकाठ

तेच विचारणार होतो. मी २०१४ पासूनचे तक्ते उतरवून घ्यायला बसलोय. हिला म्हटलं, पोरगी निघेपर्यंत आकडे तयार ठेवतो. ती म्हणाली, आकडे ठेवा तिकडे, आधी तिथल्या ऑफिसात बाई कोण आहे तिचा नंबर आणा.

जुना क्राईम रायटर

वहिनी बरोबर बोलल्या, तो नंबर पहिला आणा. राहायला क्वार्टर कुठे, रात्री ड्यूटीवरून येताना वाटेत दिवे आहेत का, आजारी पडलं तर कोचीला न्यायची सोय काय, हे त्या बाईच सांगतील, एनसीआरबी नाही.

तक्त्यांचं म्हणाल तर २०१४ पासून घेऊ नका. २०१७ च्या अंकापासून नमुना बराच बदलला, रकाने जुळवता जुळवता जीव जाईल. २०१७ ते २०२३ धरा. २०२४ सोडा, कारण १ जुलैला संहिता लागू झाली आणि त्याआधी घडलेला गुन्हा नंतर नोंदला तरी तो भादंविखालीच जातो. म्हणजे त्या वर्षात दोन्ही कायदे शेजारी शेजारी.

खुनाचा रकाना आधी. सात वर्षं गुणिले ६८ हजार, म्हणजे पावणेपाच लाख माणूस-वर्षं. देशाच्या दराने त्यात दहाच्या आसपास खून यायला हवेत. तीन-चारच्या आत आले तर वहिनींना बिनधास्त दाखवा. सात ते तेरामध्ये आले तर लक्षद्वीप चारचौघांसारखं, घाबरायचंही कारण नाही आणि मिरवायचंही. खुनाचा प्रयत्न आणि गंभीर दुखापत यांचे रकाने त्याखाली वेगळे लिहा, खुनात मिसळू नका, कारण तिथे फिर्याद कोणत्या कलमाखाली घ्यायची हे ठाणेदाराच्या हातात असतं. आणि मोजणीचाच रकाना उतरवा, दराचा नको. बेरीज झाली की इथे टाका, मी बघतो.